सतरा नंबरचा गाल

माझ्या एका लेखाचा आधार जगभरातल्या चौसष्ट शोधनिबंधांनी घेतला आहे. मुंबईला आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात परदेशातून एक जाडजूड सूची येते, तिच्यातून हा आकडा मी भिंग लावून स्वतः काढला. पुढच्या महिन्यात वरच्या जागेसाठी मुलाखत होती. "ललिताबाई, तो एक लेखच तुम्हाला तारणार," असं साहेब म्हणाले होते. बाकीच्या अकरा लेखांना कुत्रंही विचारत नाही, हे मला ठाऊक होतंच.

लेख साधा होता. मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखू, लावणाऱ्या बायकांच्या गालात आतून पांढरे चट्टे उठतात आणि काहींचा पुढे कर्करोग होतो. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरच्या त्रेचाळीस बायका मी १९७० साली तपासल्या, मिश्री सोडा म्हणून सांगितलं आणि बहात्तरला पुन्हा तपासल्या. एकोणीस जणींचे चट्टे गेले होते. ज्यांचे वाढले होते त्या चौघींना मी इस्पितळात धाडलं. सतरा नंबरच्या मोतीबाईच्या बऱ्या झालेल्या गालाचा फोटो तर दोन पाठ्यपुस्तकांत छापून आला.

मुलाखतीआधी आणखी एक तपासणी हाताशी असावी म्हणून अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत निघाले. माहेर कामरगावचं, पण तिकडे डोकावलेही नाही. मानोऱ्यापर्यंत एस.टी. आणि पुढे दोन कोस पायी. पूर्वी हे अंतर मी हसतखेळत तोडायची. हल्ली मुंबईत जिना चढतानाही जीव नको होतो.

तांड्याच्या नायकाची बायको गोमतीबाई. तिने खाट टाकली, चहा दिला. मी यादी काढली आणि मोतीबाईला बोलवायला सांगितलं.

"मोती कुठून येते आता? तिले जाऊन तीन वरसं झाली. शेवटी तोंडच उघडत नव्हतं तिचं. पेज बी जात नव्हती."

"पण तिचा चट्टा गेला होता. बहात्तरला मी स्वतः पाहिलं."

गोमतीबाई हसली. "तो माहा गाल होता, बाई."

मला काही कळेना. मग तिने लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. "दुष्काळाचं साल होतं. अर्ध्या बाया गिट्टी फोडाले गेल्या होत्या. तू यादी घेऊन आली, तोंड सुकून गेलं होतं तुहं. तूच म्हणली, एक बी बाई कमी पडली तं माहं सारं काम वाया जाते. मंग आमी कायले कमी पडू देतो? जे नव्हती तिच्या जागी तिची जाऊ नाहीतं नणंद बसली. मिश्री न लावणाऱ्या बाया धुंडून बसवल्या, तुले बरं वाटावं म्हणून."

"किती जणी?"

तिने बोटांवर मोजलं. "अठरा-एकोणीस असतीन."

बायका ओढणी कपाळावर ओढून बसायच्या आणि मी टॉर्च घेऊन सरळ गालात शिरायची. तरी दातांचा तक्ता होता की माझ्याकडे! सत्तरला मोतीबाईची खालची दाढ पडलेली होती, बहात्तरला ती जागेवर होती. 'आधीची नोंद चुकली असावी,' असं समासात लिहून मी पुढे सरकले होते. पडलेली दाढ उगवते आणि मला नवल वाटत नाही, कारण निकाल माझ्या मनासारखा! स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. गोमतीबाईवर रागावायची तर सोयच नव्हती.

"तुहं काम झालं ना मंग तवा?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांत काळजी होती.

"झालं," मी म्हटलं. "लय चांगलं झालं."

ती खूश झाली. निघताना तिने माझ्या पिशवीत ओंजळभर बोरं घातली.

मानोऱ्याच्या स्टँडवर, बाकावर बसून मी मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. लेख मागे घेते आहे, फोटो दुसऱ्या बाईचा आहे, चूक माझी आहे. मुलाखतीचं पत्र पिशवीतच होतं. ते मी काढलंसुद्धा नाही.

मग यादी उघडली. सतरा नंबरपुढे माझ्याच अक्षरात 'बरी झाली' असं लिहिलेलं होतं. ते वाचून तिला कोण इस्पितळात नेणार होतं? मी ते खोडलं आणि शेजारी लिहिलं: मोतीबाई, बहात्तर साली तपासलीच नाही.