कमरेएवढं पाचट

"पावणं, पुढं जागा न्हाय आन मागं घ्यायला जमत न्हाय. बोला, कुठं वतू?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं आणि आमच्या गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली.

गल्लीच्या तोंडाशी उसाच्या पाचटाची ट्रॉली अडकली होती. वाळका पाला दोन्हीकडच्या भिंतींना घासत होता. ट्रॉलीमागे बाबालाल उभा होता, नवरीची वरात आणल्यासारखा हसत.

"बाबालाल, हत्ती पाळणार हाईसा काय?" समोरची चिमणाबाई गच्चीवरून ओरडली.

"लिंबाला घालायचंय, वैनी!" बाबालाल त्याहून मोठ्याने ओरडला. "आण्णांनी माप सांगिटलंय. कमरेएवढं!"

चिमणाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर तोंडासमोर धरला.

तर हा आण्णा म्हणजे मी. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो, बरीचशी गडहिंग्लजच्या गाडीवर. उतारू उतरायच्या आत गोष्ट संपवायची, ही सवय तिथली. रिटायर झालो तरी गोष्टी काही रिटायर झाल्या नाहीत. एकदा पुलावर माझा तिकिटाचा पंच हातातून निसटून नदीत पडला. आठ दिवसांनी बाजारातून मासा आणला, तर त्याच्या पोटात तो पंच. आणि आतड्याला बरोबर गडहिंग्लज फुल तिकिटाची भोकं! गल्ली अशा गोष्टींना हसायची आणि आपापल्या घरी जायची. बाबालाल तेवढा बसून राहायचा आणि विचारायचा, "मग तो पंच डेपोनं परत घेटला काय?"

तो कबनूरला यंत्रमागांवर जॉबर होता. माग बिघडला की उघडायचा, जुळवायचा, पुन्हा चालता करायचा. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढून त्याचा डावा कान गेला. उरलेला उजवा त्याने मला दिला होता. रोज संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर येऊन तो उजवा कान माझ्याकडे येईल असा सरकून बसे.

घरामागच्या वीस फुटांत त्याची बाग. त्यातलं लिंबाचं झाड त्याच्या पोरीचं. नुजहत नर्सिंग शिकायला मिरजेला गेली, त्या दिवशी लावून गेली होती. सहा वर्षांनी यंदा त्याला फूल धरलं आणि तिकडे नुजहतलाही दिवस गेले. तिचा फोन आला, "अब्बा, बाळंतपणाला येईन तवा त्याच लिंबाचं लोणचं पायजे." त्या दिवसापासून बाबालाल झाडावरची लिंबं पोरांना बोट दाखवून मोजू देईना. दृष्ट लागते म्हणे.

मार्च लागला, ऊन तापलं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आण्णा, माती लई तापती हो. बुडात पाचट घालू म्हंतो. माप सांगा की."

जॉबर माणूस. मापाशिवाय त्याचा हात चालत नसे. आणि मला, काय सांगू, माप चांगलं ठाऊक होतं. माझ्या वडिलांच्या परड्यात लिंबाचीच झाडं होती. लहानपणी मी खोडाला चिकटून पाचट टाकलं, तर त्यांनी पाठीत धपाटा घालून सांगितलं होतं, "चार बोटं घाल, आन खोडापासनं वीतभर लांब. खोड उघडं ऱ्हाऊ दे." एवढंच सांगायचं होतं. पण कट्ट्यावर तेव्हा चारजण बसलेले आणि चार बोटांत गोष्ट कुठून रंगणार?

"माझ्या मावशीनं कमरेएवढं घातलतं," मी म्हणालो. "खोडाला गच्च, पोराला दुपट्यात गुंडाळल्यागत. लिंबं अशी धरली, की एक लिंबू उतरवायला दोन गडी लागायचे. एक पिळायचा, दुसरा घागर धरायचा."

चौघे खो खो हसले. बाबालाल हसला नाही. त्याने उठून स्वतःच्या कमरेला हात लावला आणि विचारलं, "माझ्या कमरंएवढं, का मावशीच्या?"

"तुझ्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून ट्रॉली मागवली. माप भरून उरलेलं पाचट त्याने गल्लीत वाटून टाकलं. चिमणाबाईने गुलाबाला चार बोटं घातलं, तेही खोडापासून लांब. तिचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता. तिचे गुलाब उन्हाळाभर टवटवीत राहिले.

बाबालालचं लिंबूही मेपर्यंत ताजंतवानं होतं. मग पाऊस लागला. तो ढीग भिजला, दबला, आतून गरम झाला. माझ्या माडीच्या खिडकीतून तो रोज दिसायचा. उतरून जायचं आणि म्हणायचं, बाबालाल, थाप मारली होती, ते काढ. तीस पावलं होती. पण मग पंचही गेला असता, मासाही गेला असता. आणि तो उजवा कानही. मी खिडकी लावून घ्यायचो.

जुलैत तो आला. बोटाला चिकट, पिवळसर काहीतरी. "आण्णा, खोडातनं डिंक सुटतोय. ह्ये काय हो?"

तेव्हा तरी बोलायचं. अजून वेळ होता. खोड मोकळं केलं असतं, कुजकी साल खरवडून टाकली असती, तर झाड वाचलं असतं.

"ताकद अंगात मावंना झालीया झाडाच्या," मी म्हणालो. "भायेर पडतीया."

तो खूश होऊन गेला. बोट पुसलंसुद्धा नाही.

ऑगस्टमध्ये नुजहत आली तोवर पानं पिवळी पडून गळली होती आणि गोटीएवढी लिंबं चिखलात पडली होती. मी कुंपणापाशी उभा होतो. बाबालालने ढीग बाजूला केला, खोडाला अंगठा लावला. साल ओल्या कागदासारखी सुटून आली. मागाचा तुटलेला भाग बघावा तसा तो बराच वेळ बघत राहिला.

"कुणी सांगिटलतं एवढं घालायला?" नुजहतने विचारलं. नर्सच ती, रोगी बघताच तिला कळलं होतं.

"आण्णांचं माप बरोबर हुतं," बाबालाल म्हणाला. "माझंच कायतरी चुकलं. उन्हात मोजलं, पावसाचं धरलं न्हाय."

नुजहतने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. अवघडलेल्या पोरीने वाकून ती चिखलातली लिंबं ओच्यात गोळा केली.

दिवाळीच्या सुमारास बाबालालने त्याच जागी नवं रोप लावलं. घरात नातू रडत होता. मला हाक मारून त्याने विचारलं, "आण्णा, आता माप?"

"चार बोटं," मी म्हणालो. "खोडापासनं वीतभर लांब."

तो थांबून राहिला. पुढे मावशी येईल, घागर येईल, अशी वाट बघत त्याने उजवा कान जरा पुढे केला.

"आन?"

"आन काय न्हाय. आन बाबालाल, त्ये मावशीचं... तशी मावशीच नव्हती मला."

त्याने मान हलवली, खाली बसला, रोपाभोवती वीत ठेवली आणि बोटाने मातीत गोल आखला. मग गोलाबाहेर पाचट पसरत गेला.

आता संध्याकाळी तो कट्ट्यावर येतो, बसतो. फक्त बसताना डावा कान माझ्याकडे येईल असा सरकतो.