मागचं उजवं चाक

पालेगावच्या अनंताच्या घरात आधी जमीन वाटली गेली, मग घर वाटलं गेलं आणि शेवटी गाडीही वाटली गेली. गाडी कशी वाटतात असं बाहेरच्याने विचारलं तर गावातली माणसं त्यालाच वेड्यात काढतात. ज्या घरात एका आंब्याच्या चार फांद्यांचे चार मालक होते, तिथे चार चाकांचे चार मालक व्हायला कितीसा वेळ लागणार?

इमारतींचे टॉवर बांधणाऱ्या टॉवरवाल्याने सामाईक शेत घेतलं तेव्हा चौघा भावंडांनी मिळून ती गाडी घेतली होती. मोठी, काळी, चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी. हौस थोरल्या अनंताची. शोरूममधल्या टायवाल्याने त्याला समजावलं होतं, "सर, साध्या गाडीचं एक चाक चिखलात गेलं की सगळा जोर त्यालाच जातो. ते गरगरत बसतं आणि ज्याची पकड आहे ते नुसतं बघत राहतं. आपल्या गाडीत तसं नाही. जे चाक घसरतं त्याला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि जोर पकड असलेल्याकडे पाठवते. पुढची घसरली तर मागची ढकलतात. चारी चाकं एकमेकांची खबर ठेवतात, सर."

अनंताला भर शोरूममध्ये भरून आलं. एकमेकांची खबर! त्याच्या घरात कोण जेवलं आणि कोण उपाशी झोपलं याची खबर शेजाऱ्यांकडून लागायची. चारी भावंडं या गाडीत बसली की आपोआप सुधारतील, असं त्याच्या मनाने घेतलं. माणूस कशावर विश्वास ठेवेल, काही सांगता येत नाही.

सुधारली मुळीच नाहीत. गाडी कुणाच्या दारात उभी राहणार यावरून महिनाभर वाजलं आणि शेवटी पंच बसले. पंचांना शेतं वाटायची सवय, त्यांनी त्याच सवयीने गाडी वाटली. स्टिअरिंगखालचं पुढचं उजवं चाक अनंताचं. पुढचं डावं धाकट्या धर्मेशचं. मागचं डावं मधल्या जनूचं. मागचं उजवं बनूबाईचं. इंजिन सामाईक, जशी विहीर. आणि स्टेपनी गावदेवीच्या नावाने.

बनूबाई ही अनंताच्या पाठची बहीण, बदलापूरला दिलेली. शेत विकताना भावांनी तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद धरला होता. तिने त्या कागदाची पुडी करून त्यात मिसरी बांधली आणि म्हणाली, "माझा वाटा मना पायजे." म्हणून तिला चाक मिळालं. तिने त्याच्या रिमवर हिरव्या रंगाचा पट्टा मारून घेतला आणि दर सणाला येऊन त्याला हळदकुंकू वाहू लागली.

आता ज्याचं चाक, त्याचा टायर. धर्मेशने शायनिंगसाठी जाडजूड, काटेरी टायर घातला. जनूने उल्हासनगर कॅम्प एकमधून सेकंडहँड टायर आणला, अगदी गोटा झालेला. अनंताने कंपनीचाच ठेवला आणि बनूबाईने देवाला करतात तसा नवस करून नवा कोरा घेतला. झिजलेलं चाक लहान, म्हणून ते जास्त फिरतं. जाड चाक मोठं, म्हणून ते कमी फिरतं. त्यामुळे कोरड्या रस्त्यावरही गाडीला वाटायचं की जनूचं चाक घसरतंय. ती त्याला सारखी आवरायची आणि जोर इकडून तिकडे फिरवून दमून जायची. वळणावर तर पोट दुखल्यासारखी कण्हायची.

"बघ, गाडीला पन कलतं घरात कोन घसरलेला हाये," धर्मेश म्हणाला. जनूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने गुपचूप आपलं गोटा चाक मागच्या उजव्या कोपऱ्यात लावलं आणि बनूबाईचं नवं चाक आपल्या जागी बसवलं.

शिमग्याला बनूबाई पूजेचं ताट घेऊन आली आणि बघते तर हिरवा पट्टा शेजारच्या हद्दीत! ती ओरडली नाही. तिने चाक काढायला लावलं, रिक्षात स्वतःच्या शेजारी बसवलं आणि बदलापूरला घेऊन गेली. गाडी तीन चाकांवर आणि चिऱ्यांच्या ढिगावर उभी राहिली. त्यानंतर बनूबाईने पालेगावात पाऊल टाकलं नाही.

आणि मे महिन्यात अनंताच्या करिष्माचं लगीन निघालं.

आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण उशिरा आलेली चालत नाही. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई मांडवात बसून गायला लागल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही. आणि पालेगावच्या लग्नांना धवलारीण एकच होती, बनूबाई. करिष्माने बापाला स्वच्छ सांगितलं, "पप्पा, आत्या नाय आली तर मी हलद लावून घेनार नाय. मंग बसा तुमची चाकं मोजत."

हळदीच्या दिवशी सकाळी अनंता बदलापूरला गेला. बनूबाई ओट्यावर बसली होती आणि शेजारी खुर्चीवर चाक होतं. अनंताने हात जोडले. "बाय, चल. पोर अडून बसलीय."

"येते ना. पोरीशी माझा काय भांडान?" बनूबाई म्हणाली. "पन भावाच्या दारान मी माझ्या वाट्यावर बसून येनार. रिक्षान नाय, चालत नाय."

मग काय करणार! अनंताने चाक रिक्षात घातलं, पालेगावला नेलं, चिरे काढून जनूचं चाक परत डावीकडे आणि हे उजवीकडे बसवलं आणि गाडी बनूबाईला आणायला निघाली. तेवढ्यात जनू धावत आला. त्याचं चाक त्याच्याशिवाय बदलापूरला जाणार नव्हतं. मग धर्मेश तरी कसा मागे राहील? परत येताना गाडीत प्रत्येकजण आपापल्या चाकाच्या डोक्यावर बसला होता. चौघं भावंडं पहिल्यांदाच एकत्र त्या गाडीत बसली होती आणि चौघं चार खिडक्यांतून बाहेर बघत होती. अनंताने आरशातून बनूबाईकडे एकदा हसून पाहिलं. तिने काच वर केली.

मांडव उरलेल्या शेताच्या तुकड्यावर होता. वाट तशी कोरडी. पण त्या दुपारी टॉवरवाल्याने पायाच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने शेतात सोडलं होतं. मांडव पन्नासेक पावलांवर दिसत होता, बायका वाटलेली हळद घेऊन वाट बघत होत्या, आणि मध्ये नुसता चिखलाचा राडा.

"आता बघा," अनंता म्हणाला. याच दिवसासाठी तर गाडी घेतली होती! त्याने गाडी पुढे घातली. पुढची चाकं राड्यात शिरली, मागची अजून कोरड्या बांधावरच होती, आणि गाडी थांबली. समोर पिवळा दिवा लागला. गाडी तापली होती. बदलापूरपासून चार तऱ्हेच्या चाकांची समजूत घालून घालून ती थकली होती, आणि मागच्या चाकांना जोर पाठवणं तिने बंद करून टाकलं होतं. पुढची चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. जिथे जोर होता तिथे पकड नव्हती, आणि जिथे पकड होती तिथे जोर पोहोचत नव्हता. अगदी आपल्या घरासारखंच झालं, असं अनंताला वाटलं.

धर्मेशने उतरून फक्त आपल्या चाकाखाली दगड घातले. जनू म्हणाला, "माझा चाक तर सुक्यात हाये, मी कशाला उतरू?" मांडवातून करिष्माचा आवाज आला, "आत्याऽऽ!"

"बाय, उतर गं," अनंता काकुळतीला आला. "पन्नास पावलं चाल."

"नाय." बनूबाईचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "दादा, चाकासाठी हसलात तुमी मना. अख्ख्या गावान हसलात. आज मी चिखलान पाय भरून आली तर म्हनाल, बनूचा वाटा चिखलान गेला."

हसण्यात अनंताही होता. सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता.

त्याने जॅक लावला, पाना घेतला आणि मागचं उजवं चाक उतरवलं. हिरवा पट्टा वर येईल असं बांधावर आडवं ठेवलं. "बस यावर," तो बहिणीला म्हणाला. मग भावांकडे वळला. "धरा रे."

"ते माझा चाक नाय," जनू म्हणाला.

"माझापन नाय!" अनंता एवढ्या जोरात ओरडला की मांडवातला बँजो थांबला. "बहीन तर आपली हाये ना?"

जनू खाली उतरला, धर्मेश हातातला दगड टाकून आला. तिघांनी चाक उचललं, वर बनूबाई मांडी घालून बसली, आणि वरात राड्यात उतरली. तिसऱ्या पावलाला धर्मेश घसरला. सगळा भार कलला. "धर्मा, थांब! जागचा हलू नको," बनूबाई वरून कडाडली. "जनू, तू लाव जोर. दादा, तू पन!" धर्मेश थांबला, त्या दोघांनी भार पेलला, धर्मेशचा पाय टेकला, चाक पुढे सरकलं. मग जनू घसरला. "जनू, थांब! धर्मा, आता तू!" जनूची एक चप्पल राड्यातच राहिली. मग अनंता गुडघ्यावर गेला, आणि धाकट्या दोघांनी त्याच्या वाटणीचंही ओझं घेऊन त्याला उभं राहू दिलं. जो घसरेल तो थांबायचा, ज्याचा पाय टेकलेला तो ढकलायचा. शोरूममध्ये ऐकलेलं सगळं काही इथे चाललं होतं, फक्त गाडी मागे बांधावर उभी होती.

अर्ध्या वाटेवर बनूबाईने गायला सुरुवात केली. हुकूम आणि धवला, दोन्ही एकाच सुरात. बायकांनी मांडवातूनच सूर धरला.

चाक मांडवात उतरलं. बनूबाई त्यावरून उठली नाही, तिथूनच गायली. करिष्माला हळद लागली. धवल्यात घरच्यांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा तिने तिन्ही भावांची नावं घेतली, जनूचं सगळ्यांत आधी. जनू एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलाने माखलेला, असा खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता.

गाणं संपल्यावर बनूबाई उठली. तिने पदराने चाकावरचा चिखल पुसला.

"दादा, उद्या ह्यो चाक जनूच्या जागेवर लाव. त्याचा पार गोटा झालाय."

"आनि तुझ्या जागेवर?" अनंताने विचारलं.

"गावदेवीची स्टेपनी लाव. तिला मी सांगते." ती जनूच्या पायांकडे बघत म्हणाली, "माझा काय, मी नाय घसरत."

रडू कुणाला दिसू नये म्हणून अनंताने घाईघाईने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. हातांना पोरीची हळद होती. त्याचं सगळं तोंड पिवळं झालं आणि ते मांडवातल्या प्रत्येकाला दिसलं.