कोणीही, कोणत्याही कारणाने

खालच्या मजल्यावरच्या जुगाराच्या अड्ड्यानं मास्तरांच्या बायकोची झोप पार उडवली होती. खुर्च्यांची ओढाताण, शिवीगाळ, मधूनच हाणामारी. गुडघ्यांनी अधू झालेली ती बाई वर पलंगावर टक्क जागी. पोलीस धाड घालायचे आणि आठवड्याभरात पुन्हा येरे माझ्या मागल्या. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, आधी कोर्टातून मनाईहुकूम आणू, असं म्हणून मास्तरांनी वकील गाठला.

वकिलानं मसुद्यात लिहिलं, 'जुगारासाठी कोणी या दारातून आत जाऊ नये.' मास्तरांची उभी हयात परीक्षेत कॉप्या पकडण्यात गेलेली. पळवाट दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा.

"उद्या म्हणतील, आम्ही चहाला आलो होतो," असं म्हणत त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली: 'कोणीही, कोणत्याही कारणाने.' न्यायाधीशांनी तसाच हुकूम दिला.

बेलिफानं तो दाराला डकवला तेव्हा मास्तर भाजीची पिशवी घेऊन छाती फुगवून उभे होते. मग ते आत निघाले, तर बेलिफच आडवा आला.

"कुठे, मास्तर?"

"घरी. वरचा जिना याच दारातून आहे."

"बाहेर येता येईल. आत जायचं नाही. लिहिलंय ना."

मास्तर धाकट्या भावाकडे जाऊन पडले. बायको गॅलरीतून दोरीनं टोपली सोडायची, हे तिच्यात दूध आणि औषधं ठेवायचे. मान वर करून बोलायचे, तेही सगळं कोर्टाचंच.

"हुकूम बदलायचा तर दोन महिन्यांनंतरची तारीख मिळेल," वकील म्हणाला. "दोन्ही पक्षांच्या संमतीनं उठवायचा, तर उद्या."

दुसरा पक्ष म्हणजे अड्डेवाला. त्यानं वाचायच्या आधीच सही ठोकली. "तुमच्यासाठी एवढं नाही करणार? शेजारधर्म आहे, मास्तर."

मास्तरांनी शपथेवर लिहून दिलं, की उपद्रव संपला आहे, आपली काही तक्रार उरलेली नाही. सवयीनं त्यांनी तो कागद दोनदा तपासला. त्यात एकही पळवाट नव्हती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते जिना चढून वर आले. बायकोचा चेहरा कधी नव्हे तो टवटवीत दिसत होता.

"चार रात्री काय गाढ झोपले हो मी," ती त्यांचा हात धरून म्हणाली. "तुम्ही एवढी धावपळ केलीत, त्याचं चीज झालं बघा."

खाली कोणीतरी खुर्च्या मांडायला लागलं होतं. मास्तरांनी उठून खिडकी लावली.