लवणाची लावण्य नगरी

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे आणि मित्रांनो, माझं डोकं फिरलेलं आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब स्वभावाच्या असतात. मोडक्या छत्र्या, फाटकी पुस्तकं, बंद पडलेली घड्याळं. त्या बिचाऱ्या उसासे टाकत बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला उसासा येत नाही, संताप येतो, आणि तो का येतो तेच आज सांगणार आहे.

बारामतीशेजारच्या जळोची गावाच्या कडेला, जिथे ऊस संपतो आणि नवी घरं लागतात, तिथे रस्त्यालगत मी उभा आहे. माझा जन्म बारामतीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. जाड पत्रा, मागून लोखंडी अँगल, दोन भक्कम पाय. गावाने मला ओढ्याच्या तोंडाशी रोवलं आणि माझ्यावर तांबड्या अक्षरांत तीन ओळी लिहून घेतल्या. वर ‘सावधान, पुढे’, मधे ठसठशीत ‘लवण’ आणि खाली ‘पाणी असता जाऊ नये’.

लवण म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना ठाऊक नसेल. दोन चढांच्या मधली खोलगट जमीन म्हणजे लवण. आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच येऊन थांबतं. आमच्या लवणाच्या वरच्या अंगाने कालवा जातो. कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे पिकांसाठी पाणी सोडलं, की ते जमिनीतून झिरपत लवणात उतरतं आणि आभाळात ढग नसतानाही ओढा वाहू लागतो. तेव्हा माझं काम सुरू व्हायचं. उसाचे ट्रॅक्टर माझ्यापाशी थांबायचे, शाळेची पोरं मला वाचून वरच्या वाटेने जायची. एकदा एका दूधवाल्याने मला थोपटलं आणि तुझ्यामुळे आज गाडी वाचली असं म्हणाला. तेवढी शाबासकी मला जन्मभर पुरली असती.

मग इंद्रजितदादा आले. प्लॉटिंगचा धंदा, पांढरी गाडी, दोन्ही हातांत फोन. त्यांनी लवण विकत घेतलं, कारण ते दुसरं कुणी घेत नव्हतं. मुरमाच्या गाड्या आल्या, ओढा बुजला, वरून रोलर फिरला. घरं उभी राहिली. आता वसाहतीला नाव हवं होतं. गोकुळ, वृंदावन, स्वप्नपूर्ती ही नावं आसपासच्या लोकांनी आधीच पळवली होती. दादा माझ्यासमोर उभे राहून डोकं खाजवत होते. म्हस्कू पेंटर रंगाचे डबे घेऊन शेजारी बसला होता. त्याला जेवणाच्या वेळेला घर गाठायचं होतं आणि नवा फलक करायचा म्हटलं की दिवस गेला.

“दादा, नाव ह्यातच हाय की,” तो म्हणाला.

त्याने वरची ओळ पांढऱ्या रंगाने पुसली, खालचीही पुसली. मधे उरलं ‘लवण’. ल ला एक काना दिला, ण चा पाय मोडला आणि त्याला य जोडला. झालं लवणाचं लावण्य! खाली ‘नगरी’ लिहिलं आणि कोपऱ्यात एक मोर काढला. दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण मी ऐकून होतो, पण ती कुणी माझ्याच छाताडावर रंगवील असं मला वाटलं नव्हतं.

पुढे घर बघणारी माणसं येऊ लागली. कुणी इंदापूरहून, कुणी भिगवणहून, कुणी त्याच्याही पलीकडून. मुलांचं शिक्षण, एमआयडीसीतली नोकरी, काही ना काही कारणाने बिऱ्हाड बारामतीत हलवायचं असायचं. दादा त्यांना बोलवायचे तेही कालवा बंद असताना. माणसं रविवारी चांगले कपडे घालून यायची. कॉलेज किती लांब, दवाखाना जवळ आहे का, रिक्षा मिळते का, शेजार कसला आहे, गाडी कुठे लावायची, असं सगळं विचारायची. गॅलरीतून काय दिसतं तेही विचारायची. अहो, वरून काय दिसतं ते कसलं विचारता, पायाखाली काय आहे ते विचारा! पण फलकाला ओरडता येत नाही. लोक माझ्यासमोर उभे राहून हसत फोटो काढायचे आणि मला आतून आग लागायची.

त्यात एके दिवशी सिद्धू आणि सारजा आले. भिगवणच्या पुढच्या एका गावातलं जोडपं. त्यांच्या आधीच्या पिढ्या मेंढरं घेऊन मुलूख फिरल्या होत्या. सिद्धू मात्र एमआयडीसीतल्या कारखान्यात लागला होता आणि त्यांच्या वैष्णवीला बारामतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. या मुलीला लहानपणापासून धाप लागायची. घर लहान असलं तरी चालेल, पण कोरडं हवं, एवढीच सारजाची अट होती. बसस्थानकामागची खोली तिने ओल आहे म्हणून नाकारली होती. पिंपळीतली जागा चांगली होती, पण तिथून कॉलेजला जाताना मुलीची दमछाक झाली असती. म्हणून ते इथे आले.

सारजाच्या माणसांत एक रीत होती. नव्या मुलखात मेंढरं बसवायची असली की आधी त्या रानाचं नाव विचारायचं. नाव कळलं की जागा कोरडी का ओली, बसायची का पुढे जायचं, ते ठरायचं. तीच रीत धरून तिने घराची दारं-खिडक्या बघायच्या आधी दादांना विचारलं, “ह्या रानाला काय म्हणत्यात?”

दादांनी माझ्याकडे बोट केलं. “वाचा की वहिनी. पहिल्यापास्नं लावण्यच म्हणत्यात.”

मित्रांनो, जे विचारायला हवं होतं ते अख्ख्या वसाहतीत या एकाच बाईने विचारलं आणि उत्तर म्हणून तिला माझं रंगवलेलं थोबाड दाखवण्यात आलं. तिने मला मन लावून वाचलं. तिचं समाधान झालं. गावाकडची जागा मोडून त्यांनी इथे घर घेतलं.

मग कालव्याला आवर्तन सुटलं. वैष्णवी सकाळी माझ्याजवळ रिक्षाची वाट बघत उभी राहायची आणि मैत्रिणीशी फोनवर बोलायची, त्यामुळे घरातलं सगळं मला कळायचं. बाहेर कडक ऊन आणि स्वयंपाकघरात फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येत होतं. भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढली, रंगाचे पापुद्रे सुटले, गाद्यांना कुबट वास येऊ लागला. मुलीला बोलता बोलता थांबून श्वास घ्यावा लागायचा. गंमत म्हणजे हे सगळ्याच घरांत होत होतं आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पायपुसणी मागच्या बाजूला वाळत घालायची, रस्त्यावरून दिसता कामा नयेत. घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळालं पाहिजे ना! अशा शहाण्यांना काय म्हणावं ते मला लिहायला दिलं असतं, तर मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं असतं.

म्हस्कूचा रंग स्वस्तातला होता. उन्हाने माझ्या वरच्या बाजूचा पांढरा थर तडकला आणि एका सकाळी वैष्णवीला त्यातून तांबडी अक्षरं दिसली. तिने आईला हाक मारली. सारजा हातातलं उलथनं घेऊनच आली आणि तिने मला खरवडायला सुरुवात केली. ‘सावधान’ निघालं. ‘पुढे’ निघालं. मग तिने एका बोटाने माझा काना झाकला, दुसऱ्या हाताने य झाकला आणि वाचलं. सिद्धू मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, “आपल्या वाडवडलांनी लवणात कवा मेंढरू बसवलं न्हाय. अन् आपून लेकीला बसवलं.”

सिद्धूने इंद्रजितदादांना माझ्यापाशीच गाठलं. दादांनी आधी फरशी बसवणाऱ्याला नावं ठेवली, मग हवामानाला. ओढा होता हे शेवटी कबूल केलं, पण तो आता कुठे आहे, दाखवा, असं वर विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा! मग आवाज खाली आणून त्यांनी तोड सुचवली. कालवा बंद झाला की भिंतींना रंग मारून घ्या, गिऱ्हाईक मी आणतो, तुम्ही गप्प बसा, मीही गप्प बसतो. सिद्धू गप्प बसला. त्याला मुलीला या ओलीतून बाहेर काढायचं होतं. त्याचा मला राग आला नाही, एवढं मी इथे स्पष्ट सांगतो. वसाहतीचे अध्यक्ष ऋषिराजभाऊ यांनी माझ्या खरवडलेल्या भागावर ‘हार्दिक स्वागत’ असं छापलेलं फ्लेक्स बांधून टाकलं.

गिऱ्हाईक आलं. इंदापूरहून दीपक आणि राजेश्वरी, कडेवर रांगत्या वयाचं पोर. फरशी कोरडी, भिंती गुलाबी, सिद्धूचा चेहरा मात्र पांढराफटक. त्यांनी घर फिरून बघितलं, चहा घेतला. मग सगळे निघताना माझ्याजवळ येऊन थांबले. राजेश्वरीने पोराला खाली माझ्या पायाशी, मुरमावर बसवलं आणि सारजाला एकेक विचारू लागली. शाळा, बाजार, पाण्याची वेळ, शेजारणी कशा आहेत. सारजा सगळ्याला नीट उत्तरं देत होती. दीपकने बोलणी पक्की करायला सिद्धूचा हात हातात घेतला. त्या एका हातात वैष्णवीची सुटका होती. सारजाला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

“ताई, तुमी समदं विचारलं,” ती म्हणाली, “रानाचं नाव न्हाय विचारलं.”

“काय नाव हाय?”

“लवण. कालवा सुटला की घरात पाणी येतं. माझ्या लेकीला श्वास घेता येत न्हाय हितं.”

राजेश्वरी शेतकऱ्याच्या घरची होती. तिने पुढे काही विचारलं नाही. वाकून पोराला मुरमावरून उचललं, कडेवर घेतलं आणि गाडीत जाऊन बसली. दीपकही हात सोडवून घेऊन निघून गेला. सिद्धू सारजाकडे वळला.

“तू बोलली नसतीस तर आपली पोरगी सुटली असती,” तो म्हणाला.

“व्हय,” सारजा म्हणाली. “अन् त्यांचं पोर आलं असतं तिच्या जागी.” मग तिथेच माझ्या पायाशी खाली बसून ती रडली. ते रडणं मी पाहिलंय, मित्रांनो. त्यानंतर मला कुणी शांत राहायला सांगू नये.

पुढे काय झालं माहीत आहे? वसाहत सारजावर उलटली. आमच्या घरांची किंमत घालवलीस म्हणून शेजारणींनी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला तिच्या दारावरून पुढे गेल्या. ज्यांच्या स्वतःच्या फरशीतून पाणी येतं, ज्यांची स्वतःची मुलं खोकतात, त्या बायका! इंद्रजितदादांना कुणी जाब विचारला नाही. त्यांना वसाहतीच्या कार्यक्रमाला बोलावून हार घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणजे काय, ते मी या दोन पायांवर उभा राहून पाहिलं. वैष्णवी अजून इथेच राहते. आता ती माझ्याजवळ उभी राहून फोनवर बोलत नाही, कारण तेवढा श्वास तिला पुरत नाही.

काल दादा पुन्हा आले होते. लवणाला लागून वरच्या बाजूचं, कालव्याकडचं ओलं रान त्यांनी घेतलंय. ‘लावण्य नगरी, टप्पा दुसरा’ असं लिहायचं ठरलंय. म्हस्कूला निरोप गेला आहे. या वेळी रंग चांगल्या प्रतीचा वापर, तडकता कामा नये, असं त्याला बजावलंय. गंज खरवडून मला पुन्हा चकचकीत करणार आहेत.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एकच मागणं मागतात. आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी हात जोडून उलटं मागतो. माझी निगा राखू नका. मला रंगवू नका, पुसू नका, ताठ उभं करू नका. तुमचे आईवडील नव्या गावात घर बघायला निघाले, तर माझ्यासारख्यांच्या तोंडाकडे बघू नका. त्या जमिनीला आधी काय म्हणत होते ते चार घरं फिरून विचारा, आणि खरं सांगणारी एखादी सारजा भेटली तर तिच्या दारावरून पुढे जाऊ नका. माझं म्हणाल, तर म्हस्कू पोचायच्या आत कुणीतरी मला उपटून न्या आणि एखाद्या खुराड्यावर छप्पर म्हणून टाका. माझ्या भरवशावर निदान कोंबड्या तरी कोरड्या झोपतील.