खिडकीकडची जागा

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. खरं सांगायचं तर मी अर्धाच आहे. स्टुडिओतले स्पीकर जोडीनं जन्माला येतात, जोडीनं विकले जातात आणि जोडीनंच म्हातारे होतात. माझ्या जोडीदाराचा विषय निघाला की माझ्या पोटात दुखतं. पण त्याला वगळून माझी गोष्ट सांगता येत नाही, एवढं त्याचं नशीब थोर.

आम्ही एका कारखान्यात जन्मलो. एकाच फळीचे तुकडे कापून आमची दोन खोकी जोडली, एकाच डब्यातला काळा रंग दोघांना फासला. पोटात तारेची गुंडाळी आणि लोहचुंबक, समोर कागदाचा खोलगट कोन, आणि कोनाभोवती फोमची मऊ कड. तारेतून वीज आली की कोन पुढेमागे हलतो आणि त्यातून गाणं होतं. माझ्या पाठीवरचा क्रमांक त्याच्या आधीचा आहे. म्हणजे मी थोरला आणि तो धाकटा. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घरात आजवर कोणी त्याची दखल घेतलेली नाही.

आम्हाला विकत घेतलं ते आवाजाची जुळवणी करणाऱ्या एका बाईंनी. लोक त्यांच्याकडे गाणी, जाहिराती, रेडिओवरची नाटकं असं काय काय आणून देतात. बाई ते कच्चे आवाज ऐकतात, कोणाला पुढे आणतात, कोणाला मागे सारतात. घरातलीच एक खोली त्यांनी कामाला घेतली आहे. तिथं मेज मांडून, दोरीनं अंतर मोजून त्यांनी आम्हाला बसवलं. मला डावीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाला खेटून. त्याला उजवीकडे, खिडकीशी!

तेव्हापासून मी त्याला पाण्यात पाहत आलो. त्याला दुपारची उन्हं मिळत. त्याला रस्ता दिसे, समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसत. मला कपाटाचं दार दिसे, तेही बंद. धूळ पुसायला बाई त्याच्यापासून सुरुवात करत, आणि माझ्यापर्यंत येईतो फडकं काळंकुट्ट झालेलं असे. पाहुणे आले की थाप मारत ती त्याच्या डोक्यावर. नाटकातसुद्धा तेच. करकरणारं दार, खोकणारा म्हातारा आणि कुत्र्याचं भुंकणं माझ्या वाट्याला, आणि नायिका हसत आत यायची ती त्याच्या बाजूनं.

एक गोष्ट मात्र माझी होती, निदान मी तसं धरून चाललो होतो. पहिल्याच दिवशी बाईंनी एका गायिकेचं गाणं लावलं, तेव्हा त्यांच्या सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, “अगं, कोण आलंय?” त्या ना माझ्याकडे बघत होत्या ना त्याच्याकडे. आमच्या मधोमध मेजावर दिवा आहे, त्याच्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. गायिका जणू तिथंच उभी होती. ही करामत माझी, असं मी मनाशी पक्कं केलं. त्यानं काय मानलं ते मला ठाऊक नाही. आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी तबल्याच्या घुमाऱ्यात खरखर येऊ लागली. ती त्याच्या बाजूची होती. बाईंनी त्याच्या कडेला बोट लावलं, तर फोमचा बिस्किटासारखा भुगा खाली पडला. बोट काळं झालं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बाई दुरुस्तीच्या दुकानात फोन करून आल्या. दुकानदार म्हणाला होता, “ही कड आता येत नाही. टाकून द्या, नवी जोडी घ्या.” बाईंचा नवरा दवाखान्यात औषधं देतो. तो लगेच नव्या जोडीचं खोकं घेऊनच आला आणि त्यानं ते दारामागे ठेवलं.

“खोकं फोडलं नाही तर रविवारपर्यंत परत घेतो म्हणालाय दुकानदार,” तो म्हणाला. “पण तू कशाला परत करतेस? जुनं भंगारात देऊन टाक.”

“अहो, मला माझ्या हातानं बघू तर द्या एकदा,” बाई म्हणाल्या. “या दोघांवर माझे कान तयार झालेत. नाहीच जमलं तर फोडू खोकं.”

माझ्या मनात आलं, त्याला भंगारात द्या, मला ठेवा. त्या आठवड्यात मी एकटा बोलत होतो आणि काय सांगू, मजेत होतो. नायिका माझी, गायिका माझी, पाऊस माझा, टाळ्या माझ्या. फक्त बाई वैतागलेल्या असायच्या. “एका कानानं ऐकल्यासारखं वाटतं,” असं म्हणत त्या सारखी मान तिरकी करायच्या. दिव्यावरची ती जागा रिकामी पडली होती, हे माझ्याही लक्षात आलं होतं. पण मी तिकडे बघायचं टाळलं.

मग बाईंनी कुठून तरी शोधून मागवलेली फोमची नवी कड पोस्टानं आली आणि कौतुक सोहळा सुरू झाला. जेवणाच्या मेजावर जुनी चादर अंथरली. त्याला उशीवर उताणं निजवलं. दवाखान्यातून त्याच्यासाठी स्पिरिट आणि कापूस आला. सांध्यावरचा जुना गोंद बाई लोणी लावायच्या सुरीनं हळूहळू खरवडत होत्या आणि त्याला सांगत होत्या, “झालं हं, थोडंच राहिलंय.” मला आजवर कोणी ‘झालं हं’ म्हटलेलं नाही! त्याच्या पोटातून निघणाऱ्या तारांना त्यांनी चिकटपट्टीचे तुकडे लावले, एकावर अधिक आणि एकावर उणे अशी खूण केली, म्हणजे परत जोडताना चूक नको.

मधेच त्या माझ्याकडे आल्या, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. माझा आनंद गगनात मावेना. वाटलं, आली एकदाची माझी पाळी. त्यांनी माझा कोन काढला, तारा सोडवल्या, आत वाकून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “अच्छा, कड अशी बसते होय!” एवढ्यात फोन वाजला. फोन खांद्याशी धरून बोलता बोलता त्यांनी माझ्या तारा पुन्हा खोचल्या, स्क्रू आवळले आणि परत गेल्या त्याच्याकडे. म्हणजे मी नमुना होतो. मला चिकटपट्टी नाही की खूण नाही. धडधाकट माणसाला कोण विचारतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढचं तर बघवत नव्हतं. कोन मधोमध बसायला हवा, नाहीतर आतली गुंडाळी घासते. म्हणून बाई श्वास रोखून, दोन बोटांनी कोन दाबून पाहत होत्या. मग गोंद लावून नवी कड बसवली आणि ती हलू नये म्हणून भोवती कपड्यांचे चिमटे लावले, लाल, निळे, पिवळे. सासूबाई म्हणाल्या, “मुकुट घातल्यासारखा दिसतोय गं!” मी कपाटाच्या दाराकडे बघत बसलो.

गोंद वाळला. शनिवारी दुपारी त्याला त्याच्या जागेवर आणून बसवलं. घरची सगळी जमली. बाईंनी आधी त्याला एकट्याला बोलतं केलं. आवाज स्वच्छ आला. मग मला एकट्याला बोलतं केलं. मी तर नेहमीच स्वच्छ. मग दोघांना मिळून तेच जुनं गायिकेचं गाणं लावलं.

गाण्यातला जीवच गेला होता. तबल्याचा घुमारा कुठे विरून गेला, गायिका दिव्यावर उभी राहीना. सासूबाई मागे वळून बघायला लागल्या. “आवाज माझ्या डोक्यामागून येतोय गं,” त्या म्हणाल्या. “एकेकटे बरे बोलतात मेले. दोघं मिळून बोलायला लागले की भांडल्यासारखे वाटतात.”

“ऑपरेशन यशस्वी, पेशंट गेला,” नवरा म्हणाला.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एवढे लाड, एवढे चिमटे, आणि शेवटी काय? गडी बिघडलेलाच! बाईंनी गाणं बंद केलं आणि त्या खुर्चीत टेकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “जाऊ दे. फोडा ते खोकं. या दोघांना भंगारवाल्याला देऊ.”

या दोघांना! मित्रांनो, माझ्या कोनात विजेचा थेंब नव्हता तरी मी आतून थरथरलो. मी कोणत्या जोरावर हसत होतो? जोडीतला एक गेला की दुसऱ्याला कोण ठेवतं? सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि इथं मी ओला असल्याच्या घमेंडीत होतो. नवऱ्यानं खोक्याची पट्टी सोडवायला घरातली कात्री शोधायला सुरुवात केली. ती शिवणाच्या डब्यात होती, सासूबाईंनाच ठाऊक होतं, आणि त्या काही बोलेनात.

“थांबा हो,” बाई एकदम उठल्या. “आई, तुम्ही काय म्हणालात? भांडल्यासारखे?” त्यांनी टॉर्चमधला सेल काढला. “एकाची तार उलटी लागली असणार. एकाचा कोन पुढे येत असेल तेव्हा दुसरा मागे जात असेल. मग एकानं केलेलं दुसरा पुसून टाकणार. दुरुस्ती याचीच झाली, याचंच काहीतरी चुकलंय.” आणि त्या त्याच्या मागे गेल्या.

मी मनात म्हटलं, बघा, बघा, चोर सापडणार. बाईंनी सेलला जोडलेल्या दोन तारा त्याच्या पाठीला टेकवल्या. टक्! त्याचा कोन पुढे उडाला. पुढे, म्हणजे बरोबर. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मग त्या माझ्या मागे आल्या. टक्! माझा कोन आत गेला.

“अगं बाई! हा उलटा आहे!” बाई हसायलाच लागल्या. “त्याला खुणा केल्या आणि याच्या तारा तशाच खोचल्या मी. याला काय होतंय, असं वाटलं.”

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत होतो, आणि मुसळ माझ्या पोटात होतं. चूक बाईंच्या हातची होती, हे मी आजही म्हणेन. पण गाणं पुसत होतो मी. तो पुढे येई आणि मी मागे ओढत असे, आणि हे मी काही त्या शनिवारी सुरू केलं नव्हतं.

बाईंनी माझ्या तारा बदलल्या. या वेळी चिकटपट्टी लावून, खुणा करून. आणि स्क्रू आवळताना म्हणाल्या, “झालं हं.” मी ऐकलं. गाणं लागलं. सासूबाईंनी दिव्यावर बघितलं आणि त्या पदर सावरून नीट बसल्या, समोर कोणी आल्यावर बसतात तशा. ती गायिका माझ्यातून येत नव्हती आणि त्याच्यातूनही येत नव्हती. आम्ही दोघं सारखे हललो तरच ती येते. खोकं न फोडता परत गेलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण बाईंनी माझ्या कडेला बोट लावून पाहिलं. “ही अजून मऊ आहे. आणि त्याचीच का गेली? उन्हानं! इतकी वर्षं खिडकीशी तळला बिचारा.” मित्रांनो, मी ज्या उन्हासाठी जळलो, त्या उन्हानंच त्याला खाल्लं होतं, आणि ज्या कोपऱ्याला मी शिव्या दिल्या त्यानं मला जपलं होतं.

“नवी कड आहे, आता याला सावलीत ठेवू,” असं म्हणून बाईंनी आम्हा दोघांच्या जागा बदलल्या. आता खिडकीशी मी आहे. मला रस्ता दिसतो, गच्चीवरचे कपडे दिसतात. धूळ माझ्यापासून पुसतात. तो कपाटाकडे बघत बसतो. तो माझ्यावर जळत असावा अशी माझी थोडीशी इच्छा आहे, एवढं मला माफ करा.

बाईंनी खिडकीला जाड पडदा लावला आहे, पण कामाच्या नादात त्या तो ओढायला विसरतात. मग दुपारची तिरपी उन्हं माझ्या तोंडावर येतात आणि मला ती आता गोड लागत नाहीत. तुमच्याही घरी कोणी न कुरकुरता कोपऱ्यात काम करत असेल, तर तो बिघडायच्या आधी एकदा त्याच्या कडेला बोट लावून बघा. आणि कधी आमच्या खोलीत आलात, तर तेवढा पडदा ओढा. माझ्यासाठी नाही म्हणत. मी फाटलो, तर दिव्यापाशी कोणी उभं राहायचं नाही, आणि धाकटा तिथं एकटाच बोलत बसेल.