डाव्या खांद्याची रायफल

सुकन्याला रायफलीचं लायसन मिळालं तेव्हा हिंगोलीकडच्या गोरेगावात पेढे वाटले ते तिच्या सासऱ्यांनी. मसाजी गावातले जुने जमीनदार. त्यांच्या बाराबोर बंदुकीचं लायसन डोळे अधू झाल्यामुळे पुढे वाढवून मिळालं नव्हतं. बंदूक जमा करून आल्यापासून त्यांना घर कसं रिकामं रिकामं वाटायचं. सुनेने नेमबाजीच्या हौसेसाठी अर्ज केला, तर पोलीस ठाणं म्हणू नका, हिंगोलीचं कलेक्टर ऑफिस म्हणू नका, सगळीकडे तेच तिच्यासोबत फिरले. सासरे आपल्या हौसेसाठी उन्हातान्हात हिंडतात, असं तिने माहेरी कौतुकाने सांगितलंही होतं.

रायफल निवडायची वेळ आली तेव्हा तिला कळलं की ते स्वतःसाठीच हिंडत होते.

"लांब नळीची घिऊ," मसाजी म्हणाले. "वरून दुर्बीण. बैठकीत टांगली की येणाऱ्यानं बघत राह्यलं पाह्यजे. अन् रानात रोही, डुकरं हायेतच."

"मामा, लायसन निशाणेबाजीचं हाय. पॉइंट टू-टूचं. जनावरावर न्हाई मारता येत त्यानं."

"मारायचं कोन म्हनून राहिलं? आवाज तर व्हईल."

तिला काय हवं होतं ते तिने नवऱ्याला, शिवप्रसादला, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. सुकन्या डावरी. कॉलेजात एनसीसीला होती, तेव्हा पॉइंट टू-टूची रायफल तिला उजव्या खांद्याला लावायला शिकवली, कारण रायफलीचा बोल्ट उजव्या अंगाला. गोळी झाडली की तो उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. तिच्या गोळ्या कागदभर विखुरायच्या. एका कॅम्पात हवालदाराने कंटाळून म्हटलं, लाव डाव्या खांद्याला. तिने लावली, तर सगळ्या गोळ्या रुपयाएवढ्या जागेत. पण दर गोळीमागे हात पलीकडे नेऊन बोल्ट ओढता ओढता तिची वेळ संपायची. टीममध्ये दुसरीचं नाव गेलं.

आता तिला ना टीम हवी होती ना मेडल. नांदेडजवळच्या रायफल क्लबात महिन्यातून एखाद्या रविवारी जावं, उभं राहून कागदावर नेम धरावा, घरी यावं. त्यासाठी लिव्हरवाली रायफल बरी, असं तिने ठरवलं होतं. चापाच्या भोवतीची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर, वर घेतली की नवं आत. ती कडी मधोमध असते. तिला उजवं-डावं नसतं.

"पालथं झोपून मारताना ती भुईला लागंल," शिवप्रसाद म्हणाला होता.

"मी उभ्यानं मारनार हाय."

"पार्ट कुठं भेटतेत तिचे?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

नांदेडच्या दुकानात तिघंही गेले. दुकानदार शंकरसिंग, पांढऱ्या दाढीचे, बोलायला गोड. त्यांनी खुर्ची मसाजींना दिली, चहा शिवप्रसादला विचारला आणि रायफल कशी हवी तेही त्या दोघांनाच विचारलं. मसाजींनी काचेच्या मागच्या लांब नळीच्या बोल्टवाल्या रायफलीकडे बोट केलं. शंकरसिंगांनी ती काढून त्यांच्या हातात दिली. मसाजींनी खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि समोरच्या कॅलेंडरवर नेम धरला. त्यांना ते कॅलेंडर नीट दिसतही नसणार.

"मला लिव्हरची दाखवा," सुकन्या म्हणाली.

शंकरसिंगांनी तिच्याकडे पाहिलं. "लिव्हर? नवी तर नाही मिळत बेटा. एक जुनी आहे. आखाडा बाळापूरच्या एका घराण्यातली. वडील गेले, मुलांनी विकायला ठेवली."

त्यांनी आतून ती आणून दिली. आखूड, अक्रोडाच्या लाकडी दस्त्याची, नळीवरचा काळा रंग हाताच्या जागी उडालेला. सुकन्याने ती डाव्या खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकला आणि डोळा आपोआप नळीच्या टोकावरच्या माशीवर आला. तिने कडी खाली ओढली, वर घेतली. मान हलली नाही, नजर हलली नाही. एवढंच तर ती सांगत होती सगळ्यांना.

"खेळनं वाटून राहिलं," मसाजी म्हणाले.

शंकरसिंगांनी काउंटरवर नकली काडतुसं ठेवली. "भरून बघा."

तिने नळीखालच्या पाइपात ती भरली. पहिलं बरोबर वर आलं. दुसरंही आलं. तिसरं अर्ध्यात तिरकं होऊन अडकलं. तिने कडी हलवली तर ते आणखी घट्ट बसलं. शंकरसिंगांनी चिमट्याने काढलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच.

"बघ," शिवप्रसाद हळूच म्हणाला. "म्हनलो होतो ना."

सुकन्याने रायफल खाली ठेवली आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने दुकानाबाहेर गेली. परत आली तेव्हा लांब नळीची रायफल कापडात गुंडाळलेली होती आणि शंकरसिंग रजिस्टर तिच्याकडे वळवून उभे होते.

"सही करा, बेटा. बाकीचं साहेबांनी केलं सगळं."

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या बंदुका बघत होते.

"मामा, ही मला न्हाई चालत."

"काहून? सगळे हीच वापरतेत."

"माझा हात डावा हाय."

"आता सवय करून घ्यायची. जेवायला न्हाई केली का सवय? उजव्यानंच जेवतीस की."

त्यावर शिवप्रसाद काही बोलेल म्हणून ती थांबली. तो पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरून उभा होता.

"लायसन माझ्या नावावर हाय," ती शंकरसिंगांना म्हणाली. "मी सही केल्याबिगर तुमाला देता येत न्हाई ना?"

"नाही येत."

"मग ठेवा ती माघारी."

घरी आल्यावर मसाजींनी जेवण खोलीत मागवलं. चार लोकांत सुनेनं मान खाली घालायला लावली, असं ते आल्यागेल्याला सांगू लागले. शिवप्रसाद म्हणायचा, "आबांचं वय झालं. घेतली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती दर वेळी समजावून सांगायला लागायची आणि अर्ध्यातच सोडून द्यायची. लेकरालाही पहिल्यांदा सांगितलेलं कळतं, असं तिच्या मनात यायचं.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच जीपने हिंगोलीला आणि तिथून एसटीने नांदेडला गेली.

शंकरसिंगांनी लिव्हरवाली उघडून साफ केली होती. तरी तिसरं काडतूस अडकतच होतं. "आतला पत्रा झिजलाय," ते म्हणाले. "नवा मिळत नाही, घडवून घेतला तरी भरवसा नाही. मी तुम्हाला खरं सांगतो, हिच्यात पैसा घालू नका."

"एकेक भरून मारली तर?"

"वरच्या खाचेतून एकेक टाकता येईल. पण मग लिव्हर कशाला? तिची मजा तर भराभर मारण्यात आहे."

"मला भराभर न्हाई मारायची. मला बोल्टसाठी हात पलीकडं न्यायचा न्हाई."

त्यांनी जरा विचार केला आणि रजिस्टर काढलं. या वेळी खुर्ची तिला दिली.

मग लायसनवर रायफलीची नोंद, ठाण्यात दाखवणं, क्लबाची फी, यात उन्हाळा गेला. मसाजींनी रायफल एकदा हातात घेतली, वजन पाहिलं आणि परत दिली. बैठकीत टांगायचं नावही त्यांनी काढलं नाही.

क्लबावर पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा शिवप्रसाद स्वतःहून म्हणाला, "मी सोडतो." क्लबावर तो मागच्या बाकावर फोन बघत बसला. सुकन्याने पहिलं काडतूस खाचेत टाकलं, कडी वर घेतली आणि चाप ओढला. गोळी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात लागली. दुसरी तिच्याच शेजारी. माशी कुणीतरी कधीकाळी ठोकून वाकडी केलेली होती, हे दुकानात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पुढे एक रिकामं काडतूस बाहेरच येईना. तिने ते नखाने उकरून काढलं. नख तुटलं. तिने मनातल्या मनात आखाडा बाळापूरच्या त्या घराण्याला, शंकरसिंगांना आणि स्वतःला शिव्या दिल्या.

क्लबाच्या माणसाने कागद आणून दिला. सगळी भोकं खाली आणि उजवीकडे, मधल्या काळ्या गोलापासून कितीतरी लांब. पण एकमेकांना चिकटून.

शिवप्रसाद उठून जवळ आला. कागद उन्हात धरून त्याने बराच वेळ पाहिला.

"माशी सरळ करून भेटंल की," तो म्हणाला. मग हात पुढे करून, "मला दे एक मारायला."

"थांबा," ती म्हणाली आणि पुढचं काडतूस उचललं. "माझं झालं न्हाई अजून."