अंजूरच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र

दिशाने खिळ्यावरून फ्रेम काढली, ओढणीने काच पुसली आणि आपल्या कॉलेजच्या प्रशिक्षक बकुळामॅडमच्या हातात दिली. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ सॉफ्टबॉल स्पर्धा, महिला गट, रौप्यपदक, कुमारी करिष्मा भोईर. समोरच्या भिंतीवर त्याच करिष्माचा हार घातलेला फोटो होता. दिशाची आई जाऊन दीड महिना झाला होता.

"बस गो बाय," दिशाची आजी, हौसाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चाय टाकलाय. माझे सुनेचा कागद हाय तो. अख्ख्या अंजूरान असा कोनाचे घरान न्हाय."

बकुळा खुर्चीच्या कडेवर बसली. प्रमाणपत्रावरचं अक्षरन् अक्षर तिला पाठ होतं, तरी तिने ते पुन्हा वाचलं. त्या स्पर्धेतले पाचही सामने तीच खेळली होती.

बावीस वर्षांपूर्वी संघाची गाडी सुटायच्या आदल्या दिवशी करिष्माच्या घरी तिचा साखरपुडा ठरला आणि तिचं जाणं रद्द झालं. सोळा मुलींची यादी केव्हाच गेलेली, आणि बकुळा सतरावी. त्यांच्या प्रशिक्षकांनी, सावळाराम सरांनी, ओळखपत्रावरचा करिष्माचा फोटो ओल्या बोटाने सोडवला, तिथे बकुळाचा चिकटवला आणि म्हणाले, "पाच दिवस कुणी करिष्मा म्हणून हाक मारली, तर ओ द्यायची. पुढच्या वर्षी तुझ्या नावाने जाऊ." असं करणारे सर काही एकटे नव्हते, मैदानावर सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. बकुळाने पाच दिवस ओ दिली. पुढचं वर्ष मात्र आलंच नाही. वडील गेले आणि ती टेमघरच्या कारखान्यात कापड तपासायला लागली.

खेळ तिने सोडला नाही. शिफ्ट सांभाळून शिकली आणि कॉलेजात कंत्राटावर प्रशिक्षक झाली. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. यंदा कॉलेजने त्या जागेसाठी नवे अर्ज मागवले. 'प्रशिक्षक म्हणून' या रकान्यात तिने दीड पान भरलं. तिच्या हाताखालच्या सहा मुली राज्याच्या संघात गेल्या होत्या. 'खेळाडू म्हणून' या रकान्यात लिहायला तिच्याकडे काहीच नव्हतं, आणि राष्ट्रीय स्पर्धेचा कागद नसेल तर सोमवारपासून दुसरा माणूस येणार होता. सावळाराम सर कधीच वारले होते. बाकी मुलींच्या नुसत्या शब्दाला किंमत नव्हती; जिची सही चालेल अशी एकटी करिष्मा उरली होती.

तिने हॉस्पिटलातून फोनवर कबूलही केलं होतं. "मीच लिहून देते, बकुळे. घरी सगळ्यांना सांगते आणि सही करते. जरा उठून बसता येऊ दे." तिला उठून बसता आलं नाही. घरी तिने सांगितलं होतं की नाही, ते बघायलाच बकुळा आज आली होती.

"तुम्हीच लावलंत का हे, मावशी?" तिने अंदाज घेत विचारलं.

"मंग काय! लग्नान तिचे ट्रंकेन गावला. ती नको नको म्हने. मीच खिला ठोकला. पोरीचा गुन झाकून कशाला ठेवाचा?"

म्हणजे सांगितलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो करिष्माने बावीस वर्षं सोसला असणार, हे बकुळाला कळत होतं. तरीही तिला राग आला. मेलेल्या मैत्रिणीचा राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

दिशा तिच्या पायाशी येऊन बसली. ती कॉलेजच्या संघात कॅचर होती, बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून बॉल झेलणारी; आई गेल्यापासून सरावाला आली नव्हती.

"मॅडम, आई कशी खेळायची? मी विचारलं की ती नुसती हसायची."

बोलायचं तर आत्ताच. बकुळाने दिशाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दीड महिन्यात पोर अर्धी झाली होती.

"कॅचर होती," बकुळा म्हणाली. "तुझ्यासारखीच. सेमीफायनलला शेवटची इनिंग, आपण एका रनने पुढे. त्यांची मुलगी थर्ड बेसवर, होमला पोचली की बरोबरी. पिचरचा बॉल जमिनीला लागून उसळला."

सांगता सांगता ती खुर्चीवरून उतरून कधी उकिडवी बसली, तिचं तिला कळलं नाही. डावा पंजा ग्लोव्ह घातल्यासारखा पुढे आला.

"मास्कचा पट्टा तुटला होता, तो तसाच बांधलेला. मास्क उडाला आणि बॉल थेट इथे. रक्त गळ्यावर आलं. पण बॉल सोडला नाही. ती मुलगी घसरत आली, तिला होमवरच आउट केलं. मग टाके घातले. तीन."

तिचं बोट हनुवटीखाली टेकलेलं होतं. तिथे एक जुनी पांढरी रेघ होती. दिशा त्या रेघेकडे बघत राहिली. शेवटचे पाच महिने आईचं तोंड तीच धूत होती.

"आईच्या हनुवटीला काही नव्हतं, मॅडम," ती अगदी हळू म्हणाली.

बकुळाने हात खाली घेतला. आत कपबशा वाजत होत्या.

"कागद नाही म्हणून तुम्हाला काढणार, असं कॉलेजात म्हणतात," दिशा म्हणाली. "हे घेऊन जा. मी बाबांना सांगते. काय लिहून पाहिजे ते आम्ही देऊ."

"आणि आजीला?"

दिशाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. हौसाबाई चहा गाळताना स्वतःशीच काहीतरी बोलत होत्या. सून गेल्यापासून त्यांना ती सवय लागली होती. दिशाचे डोळे भरून आले.

बकुळा उठली. फ्रेम खिळ्याला अडकवली, एक पाऊल मागे येऊन बघितली आणि एका कोपऱ्यातून किंचित वर केली. ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली.

हौसाबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. नातीचं ओलं तोंड बघून थबकल्या.

"काय सांगत व्हती गो मॅडम?"

"आई कशी खेळायची ते."

"चांगली खेलं ना माझी पोर?"

दिशाने बकुळाकडे पाहिलं.

"एकदम भारी, आजी," ती म्हणाली. "लागलं, तरी बॉल सोडला नाही."